अर्ध्या इंचाची खोट

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी टेप आहे. चिकटपट्टी नव्हे हं! कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असते ना, ती मापाची टेप. लांबी साठ इंच. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. दोन्ही टोकांना पितळी टोपणं होती, त्यातलं एक आता नाही. ते कसं गेलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण स्वभावानं मी पक्की भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे माझ्याकडून तुम्ही शौर्याची अपेक्षा करणार नाही.

माझी भीती जन्मापासूनची आहे. कारखान्यात मी एका लांबच लांब कापडी पट्ट्याचा तुकडा होते. त्या पट्ट्यावर रंग चढला, त्यावर आकडे छापले गेले, तिथवर सगळं बरं चाललं होतं. शेवटी मात्र एक पातं होतं. साठ इंच झाले की ते खाडकन खाली यायचं. माझ्या पुढचीवर ते पडलेलं मी पाहिलं आणि मग माझी पाळी आली. तेव्हापासून धारेचं नाव काढलं तरी मी गुंडाळी करून बसते. आणि नशीब बघा, पुढचं सगळं आयुष्य गेलं कात्रीच्या शेजारी.

ही कात्री मावशींची, आणि मीही मावशींचीच. त्या नेमक्या कुणाच्या मावशी होत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, साऱ्या रस्त्याच्या त्या मावशी होत्या. बायकांचे कपडे शिवायचं त्यांचं दुकान फार मोठं नव्हतं. पुढं काचेचं दार, दाराला बारकी घंटा. मध्ये शिवणयंत्र आणि कापायचं टेबल. एका कोपऱ्यात हिरवा पडदा, पडद्याआड आरसा आणि कपडे चढवून बघायचा लाकडी पुतळा. त्याच्याही मागं इस्त्रीची खोली होती आणि तिचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. हे मागचं दार लक्षात ठेवा.

मावशींना आपल्या हाताचा फार अभिमान होता. "तीस वर्षांत माझ्याकडून एक कपडा परत आला नाही," असं त्या येता-जाता ऐकवत. मापं घ्यायची त्यांची एक रीत होती. पडद्याआड गिऱ्हाइकाला उभं करायचं, माप घेतलं की आकडा मोठ्यानं उच्चारायचा. "छाती चौतीस! कंबर अठ्ठावीस! बाही साडेनऊ!" असा सगळा पाढा झाला की मग बाहेर येऊन तो जाड वहीत उतरवायचा, तारखेसकट. मोठ्यानं म्हटलं की डोक्यात राहतं, असं त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं.

आता पडद्याआड आणखी काय चालायचं ते सांगते. मित्रांनो, कुणी डोळ्यांत डोळे घालून "कशी आहेस?" विचारलं, तर बाई "बरी आहे" म्हणून मोकळी होते. पण हात वर आहेत, पाठ वळलेली आहे, आणि कुणीतरी मागून दंड मोजता मोजता सहज विचारतंय, असं असलं की आतलं आपसूक बाहेर येतं. मी कितीतरी बायकांच्या अंगाभोवती फिरले आणि कितीतरी ऐकलं. त्यातलं बरंचसं भीतीचंच होतं.

बसमध्ये तिकिटं देणारी कंडक्टरबाई होती, आवाज असा की काच थरथरावी. ती म्हणायची, "मावशी, गणवेशाला मागून जाड कापड घाला."

"अगं, उकडेल!"

"उकडू दे. गर्दीत कुणाचा हात कुठनं येतो कळत नाही. मी तिकिटं फाडू, का हात मोजत बसू? आणि कमरेपाशी एक बारका खिसा करा. त्यात दाभण ठेवणार आहे."

मावशींनी खिसा केला. दाभण म्हणजे जाड सुई, तीही मावशींनीच दिली. शाळेतल्या एका बाईंना गळा एक इंच वर हवा असायचा, कारण मुख्याध्यापक खुर्चीजवळ उभे राहून, वाकून बोलत. दवाखान्यातल्या नर्सची कंबर एकदा दोन इंच वाढलेली मला आढळली. मला वाटलं, आता आनंदाची बातमी! पण ती मावशींचा हात घट्ट धरून म्हणाली, "कुठं बोलू नका. नोकरीत कायम करायचं पत्र पुढच्या महिन्यात निघणार आहे. त्यांना कळलं तर माझं नाव गळेल." मावशींनी तिच्या कोटाला पुढून चुण्या घातल्या. बाळ त्या चुण्यांमागं लपून राहिलं, आणि पत्र निघालं.

ह्या सगळ्यांत माझी लाडकी होती गुदगुली. हे नाव मावशींनीच ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली, तेव्हा नकाशे काढायच्या कचेरीत तिला नुकतीच नोकरी लागली होती. म्हणजे तीही मोजमापातलीच! मी तिच्या काखेखालून गेले मात्र, ती खुदकन हसली आणि वेडीवाकडी झाली.

"हसू नकोस गं, आकडा हलतो!" मावशी ओरडल्या.

"मी काय करू? तुमची टेपच गुदगुल्या करते!"

तीनदा प्रयत्न करून अखेर माप मिळालं. छाती छत्तीस, कंबर तीस. ते वहीत गेलं. दर तीन-चार महिन्यांनी ती यायची, दर वेळी हसायची, आणि दर वेळी आकडा तोच यायचा. कात्रीच्या भीतीत काढलेल्या माझ्या आयुष्यात तेवढे दिवस फार सुखाचे गेले.

मग तिचं लग्न झालं आणि ती येईनाशी झाली. संसारात पडली की माणसं कमी येतात, मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. मधल्या काळात माझं वय होत गेलं. कापडी टेप ओढून ओढून ताणली जाते, सैल होते. मी अर्ध्या इंचानं सैल झाले. ताणलेली टेप माप नेहमी कमी दाखवते, जास्त कधीच नाही. मावशींना हे ठाऊक होतं. आकडा म्हणून झाला की त्या पुटपुटत, "अर्धा मिळवा." आमचं दोघींचं असं छान चाललं होतं.

अशात एका दुपारी दाराची घंटा वाजली. गुदगुली आली होती, आणि तिच्याबरोबर तिचा नवरा. नीटनेटका, गोड बोलणारा माणूस. तो पडद्याबाहेरच्या खुर्चीत बसला आणि खिशातून चाव्यांचा जुडगा काढून बोटावर फिरवू लागला. छन्, छन्, छन्. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं चावीवाला.

मी काखेखालून गेले आणि हसण्याची वाट पाहिली. हसू आलं नाही. तिनं श्वास आत ओढला आणि अंग चोरलं. गरम इस्त्री लागावी तसं. माझ्यावर आकडा आला, तेहतीस.

"तेहतीस?" मावशींनी मला उलटसुलट करून पाहिलं. "अर्धा मिळवला तरी साडेतेहतीस. छत्तीसची बाई साडेतेहतीस कशी होईल? म्हातारी झाली माझी टेप. आता इंच-इंच खायला लागली."

"तुमचं बरोबर असेल मावशी," गुदगुली हळूच म्हणाली. "टेपचं."

पण बाहेर चाव्या वाजत होत्या, आणि मावशींना ते नीट ऐकू गेलं नाही. त्याच आठवड्यात मी नर्सचं माप घेतलं होतं, कंडक्टरबाईचं घेतलं होतं. दोघींचे कपडे अंगासरसे बसले होते. मी इंच-इंच खात असते तर त्यांचेही बिघडले नसते का? हे मावशींच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. आपल्या वहीवर त्यांचा भारी विश्वास. त्यांनी जुनं माप काढलं आणि ड्रेस छत्तीसचा कापला. माझी तळमळ झाली, पण टेपला तोंड कुठं असतं?

चार दिवसांनी ड्रेस परत आला. गुदगुली तो घालून दुकानाच्या मधोमध उभी होती आणि तिच्याभोवती कापड लोंबत होतं.

"मावशी, हा ड्रेस आहे का तंबू?" चावीवाला हसत म्हणाला. "एका बाईचं माप घेता येत नाही तुम्हाला?"

मावशींचा चेहरा पडला. तीस वर्षांत पहिला कपडा परत आला होता. त्यांनी हात जोडले, रात्रीत दुरुस्त करून देते म्हणाल्या, आणि सगळं खापर माझ्यावर फोडलं. दुसऱ्याच दिवशी पांढरी, गुळगुळीत, कधीही न ताणणारी नवी टेप दुकानात आली. मी गेले खणात, तुटक्या बटणांच्या आणि गंजक्या टाचण्यांच्या संगतीला.

तिथं मला काय वाटलं ते सांगते. पहिले काही दिवस राग आला. मग वाटायला लागलं, खरंच माझंच चुकलं असेल. दोष सारखा ऐकला की तो आपलाच वाटू लागतो, मित्रांनो. गुदगुलीचंही घरी असंच काहीसं होत असेल, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

तीन महिन्यांनी घंटा वाजली. खणातल्या अंधारातही मी चाव्या ओळखल्या. चावीवाल्याच्या कंपनीचा मोठा सोहळा होता, साहेबलोकांसमोर बायको नीट दिसायला हवी होती, म्हणून तिच्यासाठी कोट शिवायचा होता. पडदा ओढल्याचा आवाज आला. मावशींचा आवाज आला, "छाती..."

आणि मग काहीच नाही. पुढचा आकडा येईना.

बाहेरच्या चाव्या थांबल्या. "काय झालं मावशी?"

"काही नाही साहेब. टेपला पीळ पडला."

खण उघडला. मावशींचा हात आत आला, त्यानं बटणं उधळून लावली आणि मला ओढून बाहेर काढलं. त्यांनी मला तिच्या भोवती गुंडाळलं. मी खरा तो आकडा दाखवला, एकतीस. नव्या टेपनं साडेएकतीस दाखवले होते.

ती दोघं गेल्यावर मावशींनी दुकानाचं दार लावून घेतलं. टेबलावर लाकडी पट्टी ठेवली. तिच्या एका अंगाला नवीला लांबवलं, दुसऱ्या अंगाला मला. किती तरी वेळ त्या आकडे बघत राहिल्या.

"अर्धा इंच," त्या मला म्हणाल्या. "तुझी खोट फक्त अर्ध्या इंचाची. मी तुला खणात डांबलं, पण त्या पोरीला एका शब्दानं विचारलं नाही."

नवी टेप खणात गेली आणि मी पुन्हा मावशींच्या गळ्यात. मला आनंद व्हायला हवा होता. पण मावशींच्या गळ्याशी होणारी धडधड मला लागत होती, आणि मी नुसती घाबरले होते.

आठ दिवसांनी कच्च्या शिलाईचा कोट घालून बघायला गुदगुली आली. बाहेर चाव्या वाजू लागल्या. मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "खांदा चौदा!" आणि लगेच ओठही न हलवता, "जेवतेस ना गं?"

"हो."

"मुंढा पंधरा! खरं सांग."

गुदगुली आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "फडताळाची चावी त्याच्याकडं असते. फ्रीजलाही कुलूप केलंय. सकाळी वजनकाट्यावर उभी करतो. काटा वर गेला तर त्या दिवशी काही नाही."

मावशींचा हात थांबला.

"मावशी, मापं संपली का?" बाहेरून आवाज आला.

"बाही बावीस!" मावशी जवळजवळ ओरडल्या. "नोकरी?"

"सोडायला लावली. फोनही त्याच्याकडंच."

"कमरेची उंची पंधरा! तुझं कोण आहे?"

"थोरली ताई. दुसऱ्या शहरात. तिचा नंबर पाठ आहे मला. पण कागद? नोकरीचे, शिक्षणाचे कागद नसले तर मी तिथं जाऊन काय करू? तिला किती दिवस भार होऊ?"

"कुठं आहेत कागद?"

"माझ्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत. त्याला ती रद्दी वाटते."

"मनगट साडेपाच! पुढच्या वेळी येताना एक-दोन अंगावर लपवून आण. मी अस्तरात शिवते."

"पुढची वेळ कुठली मावशी? कोट तर झालाच."

मावशींनी कोटाकडं पाहिलं. खरंच झाला होता. कुठं सुरकुती नाही, कुठं ओढ नाही. इतका देखणा कोट त्यांच्या हातून क्वचितच उतरला असेल. मावशींनी कात्री घेतली. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. त्यांनी डाव्या खांद्याची शिलाई टरकन उसवली आणि पडद्याबाहेर आल्या.

"साहेब, माझं चुकलंच. डावा खांदा उतरलाय. परत यावं लागेल."

"वय झालं तुमचं मावशी."

"हो साहेब," मान खाली घालून मावशी म्हणाल्या. "झालं खरं."

ज्या बाईनं तीस वर्षं एक टाका वाकडा पडू दिला नाही, तिनं पुढच्या दोन आठवड्यांत तो कोट तीनदा मुद्दाम बिघडवला. खांद्यानंतर बाही, बाहीनंतर कॉलर. दर वेळी चावीवाला टोमणे मारायचा, दर वेळी गुदगुलीच्या कपड्यांतून दोन कागद निघायचे, आणि ती गेली की मावशी ते कोटाच्या अस्तराखाली सपाट ठेवून बारीक टाक्यांनी बंद करायच्या. आकड्यांच्या आडून तिनं ताईचा नंबर सांगितला. कंडक्टरबाईनं आपल्या फोनवरून ताईला सगळं कळवलं. ताई फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "पाठवा. मी बसस्थानकावर उभी राहते."

दिवस ठरला गुरुवारचा. कंडक्टरबाईची बस दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मागच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. ती दोन मिनिटं जास्त थांबवणार होती आणि निघताना दोनदा हॉर्न वाजवायला सांगणार होती. चौथ्यांदा कोट बिघडवायला जागाच उरली नव्हती, कारण चावीवाल्यानं सांगून टाकलं होतं, "आज शेवटचं. नाहीतर दुसरीकडं शिवून घेतो."

गुरुवारी चारला घंटा वाजली. मी मावशींच्या गळ्यात होते, आणि त्यांच्या घामानं ओली झाले होते. गुदगुलीनं पडद्याआड कोट चढवला. मावशींनी एक बटण लावलं, दुसरं त्यांना लावता येईना. तेव्हा गुदगुलीनंच त्यांचे हात क्षणभर धरले. मग ती अनवाणी, चपला हातात घेऊन, इस्त्रीच्या खोलीकडं वळली. मागचं दार उघडलं की करकरायचं. मावशींनी सकाळीच बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल घातलं होतं. आवाज झाला नाही.

आता पडद्याआड उरलो आम्ही तिघं. मावशी, मी आणि लाकडी पुतळा.

मावशींनी मला पुतळ्याभोवती गुंडाळलं. "खांदा चौदा!" त्या म्हणाल्या. "मुंढा पंधरा!" बाहेर छन्, छन्. "छाती छत्तीस!"

चाव्या थांबल्या.

मित्रांनो, काय झालं ते तुमच्या लक्षात आलं का? घाबरलेल्या मावशींच्या तोंडून सहा वर्षांपूर्वीचा आकडा निघून गेला. हसणाऱ्या गुदगुलीचा आकडा.

"काय म्हणालात? छत्तीस?" चावीवाल्याचा आवाज आता गोड नव्हता. "रोज वजन करतो मी तिचं. छत्तीस कसं येईल?"

मला वाटलं, संपलं. पण मावशींनी मला गच्च पकडलं आणि त्या म्हणाल्या, "ही टेप हो साहेब, मेली खोटारडी आहे. ताणून ताणून सैल झाली. मागच्या वेळी हिच्यामुळंच नाही का तंबू झाला? काहीच्या बाही दाखवते. थांबा, परत घेते."

तो हसला. "फेकून द्या ती."

ताणलेली टेप माप जास्त दाखवूच शकत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार! त्याला वजनं कळत होती, मापं कळत नव्हती. खोटं बोलते म्हणून मला बोल लागले होते. त्या दिवशी तोच आळ मी आनंदानं अंगावर घेतला. पण आनंद म्हणजे काय, क्षणभरच.

"ती बोलत का नाही?" त्यानं विचारलं.

"तिच्या तोंडात टाचण्या दिल्यात मी धरायला. छाती साडेएकतीस! कंबर पंचवीस!"

मागच्या गल्लीकडून हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा एकदा. बसचा घरघराट दूर जाऊ लागला.

"मावशी, तिला म्हणावं, टाचण्या काढ आणि बोल."

"उंची एकोणचाळीस!"

"बोल म्हणावं!"

खुर्ची मागं सरकली. चाव्या जवळ आल्या आणि पडदा कड्यांसकट बाजूला खेचला गेला. त्यानं पुतळा पाहिला. इस्त्रीच्या खोलीचं उघडं दार पाहिलं. मग माझं टोक धरून त्यानं मला इतक्या जोरात हिसडलं की पुतळा आडवा झाला आणि माझं पितळी टोपण निखळून कुठंतरी उडालं.

"कुठं गेली?"

मावशी हलल्या नाहीत. त्यांच्या उजव्या हातात कात्री होती. उगारलेली नव्हती, नेहमी धरत तशीच धरलेली. "साहेब," त्या म्हणाल्या, "बायका कपडे बदलतात तिथं पुरुषांनी यायचं नाही. तीस वर्षांचा नियम आहे ह्या दुकानाचा. बाहेर व्हा."

मी जन्मभर कात्रीला भ्याले. त्या दिवशी पहिल्यांदा ती जवळ असल्याचं मला बरं वाटलं.

तो मागच्या दारानं धावला, पण गल्ली रिकामी होती. पुढं कितीतरी दिवस तो समोरच्या पदपथावर येऊन उभा राहायचा, चाव्या फिरवत. मावशी खूप घाबरल्या होत्या, हे मी लपवणार नाही. त्यांना झोप लागेना, त्यांचे टाके वाकडे पडू लागले. मग कंडक्टरबाई, नर्स आणि शाळेतल्या बाई ह्यांनी आपसांत वेळा वाटून घेतल्या. दिवसभर कुणी ना कुणी दुकानात येऊन बसे. मावशी म्हणत, "अगं, तुमची कामं नाहीत का?" त्या म्हणत, "मापं द्यायला आलोय." तिकडं ताईनं पोलिसांत तक्रार केली. मावशी साक्षीला वही घेऊन गेल्या. सहा वर्षांची मापं, तारखेसकट, एकाच बाईची. पोलीस ठाण्यातल्या बाईसाहेबांनी पानं उलटली आणि एकेक आकडा तारखेसकट उतरवून घेतला. त्यानंतर तो पदपथ मोकळा झाला.

चार महिन्यांनी मावशी ताईच्या घरी गेल्या. मला त्यांनी पिशवीत घेतलं होतं. गुदगुली तिथं पुन्हा नकाशांच्या कामाला लागली होती, तिला कामासाठी दोन ड्रेस हवे होते. ती खिडकीजवळ उभी राहिली, हात वर केले. मी काखेखालून जायला निघाले आणि मला धडकी भरली. पुन्हा अंग चोरलं तर?

तिनं चोरलंच. मावशींचा हात थांबला. त्यांनी घाई केली नाही. मग हळूहळू तिचं अंग सैल पडलं, मी पुढं सरकले, आणि माझ्या तुटक्या टोकाचा धागा तिला कुठंतरी टोचला असावा. ती खुदकन हसली. एवढंसं, लगेच थांबलेलं. पण हसली.

"हसू नकोस गं," मावशी म्हणाल्या, "आकडा हलतो."

"किती आला?"

"साडेतेहतीस."

"मग अर्धा मिळवा मावशी," गुदगुली म्हणाली. "चौतीस."

मित्रांनो, मी अजून मावशींच्या गळ्यात आहे आणि अजून भित्रीच आहे. रस्त्यानं कुणाच्या चाव्या वाजल्या तरी मी आक्रसते. तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीची कुणी हसायची थांबली, कुणाचे कपडे अंगावर लोंबू लागले, तर टेप जुनी आहे, दिवस वाईट आहेत, तिचा स्वभावच तसा आहे, असं म्हणून वही मिटू नका. शेजारी उभं राहा आणि हळू आवाजात विचारा. ती पहिल्यांदा "हो, बरी आहे" म्हणेल. आणखी एकदा विचारा.

माझी खोट अर्ध्या इंचाची होती. ती मी कधीच नाकारली नाही. छत्तीस ते एकतीस, त्यातले उरलेले साडेचार इंच तिच्या अंगावरून कमी होत होते, तेव्हा तिला बघणारे डोळे मात्र पुष्कळ होते.